मोती विकणारे आले, शिंपला शिकवणारी गेली

काटोलकर मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांचं शेततळं आहे किंवा ज्यांचं पोरगं-पोरगी सायन्सला आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. राजकारण नाही यात. म्हणजे आहे, पण ते शेवटी.

मागच्या महिन्यात माझा मावसभाऊ घरी आला. संत्र्याची बाग आहे, शेततळं आहे, दोन वर्षं बहारानं दगा दिला म्हणून डोक्यावर थोडं कर्जही आहे. चहा व्हायच्या आधीच त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला.

"भाऊ, हे पाहा बरं. तळ्यात शिंपले सोडाचे, दीड वर्षात मोती. माल तेच लोकं वापस घेते म्हणते. दोन दिवसाचं ट्रेनिंग आहे. मी पैसे भरून राह्यलो."

मी विचारलं, "तुले सांगितलं कोणं?"

"व्हिडिओत सांगते ना!"

व्हिडिओत कोट घातलेला एक माणूस मूठभर मोती तळहातावर खेळवत होता. शिंपला मोती का तयार करतो, किती करतो, किती मरतात, यावर एक शब्द नव्हता. लाखाचे आकडे मात्र भरपूर.

आता खरं सांगतो. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस. शिंपल्यात मोती कसा होतो हे मलाही नीट सांगता आलं नसतं. लहानपणी आजीनं सांगितलं होतं, स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती. नंतर शाळेत कोणीतरी सांगितलं, वाळूचा कण गेला की मोती. दोन्ही ऐकीव. पण कोणाला विचारायचं हे मला माहीत होतं. मी त्याला म्हटलं, "दोन दिवस थांब. पैसे भरू नको."

आमच्या भागातल्या एका कॉलेजात एक मॅडम प्राणिशास्त्र शिकवायच्या. फिजिऑलॉजीचा पेपर त्यांच्याकडे. नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलं. दोन वर्षांपूर्वी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाची बातमी करायला गेलो होतो. अशा कार्यक्रमाची बातमी म्हणजे दीपप्रज्वलन, मान्यवरांची नावं आणि एक फोटो. मी फोटो काढून निघणार, तेवढ्यात मागच्या वर्गात पोरं हसताना दिसली म्हणून डोकावलो.

टेबलावर नदीतला एक रिकामा शिंपला होता. जाम नदीच्या काठावर मिळतो तोच, बाहेरून काळपट, आतून चमकदार. आपण लहानपणी दगडावर घासून, भोक पाडून त्यानं कैरी सोलायचो, आठवतं? मॅडमनी तो एका काचेच्या भांड्यात ठेवला आणि वर लिंबू पिळलं. मिनिटभरात बारीक बुडबुडे यायला लागले.

"हा कोणता वायू?" त्यांनी विचारलं. कार्बन डायऑक्साइड, हे दोघा-तिघांना आलं.

"मग हा शिंपला कशाचा?"

कोणीच बोलेना. शेवटी एक पोरगी चाचरत म्हणाली, "मॅडम, चुनखडीचा?"

बरोबर. आपल्या ज्या जमिनीत चुनखडी जास्त असली की संत्र्याचं झाड पिवळं पडतं, तोच पदार्थ. कॅल्शियम कार्बोनेट. खडूही त्याचाच, संगमरवरही त्याचाच. फरक एवढाच की शिंपल्यातला प्राणी तो स्वतःच्या अंगानं बांधतो. दगड तयार करणारं मऊ जनावर. इंग्रजीत याला बायोमिनरलायझेशन म्हणतात, म्हणजे सजीवानं खनिज घडवणं. मॅडम म्हणाल्या, "तुमची हाडं आणि दात हेसुद्धा हेच काम आहे. फक्त तिथं कॅल्शियम फॉस्फेट असतं."

मी दीप वगैरे विसरलो आणि मागच्या बाकावर बसून राहिलो. त्या दिवशी जे कळलं ते थोडक्यात सांगतो, कारण मोत्याचा सगळा धंदा त्यावर उभा आहे.

शिंपल्याच्या आत प्राण्याच्या अंगावर एक पातळ पडदा असतो. त्याला मँटल म्हणतात, मराठी पुस्तकांत प्रावार. या पडद्याच्या पेशी पाण्यातून आणि अन्नातून आलेलं कॅल्शियम उचलतात आणि पडदा व कवच यांच्यामधल्या पातळ द्रवात सोडतात. पण नुसतं कॅल्शियम सोडून भिंत होत नाही. आधी प्रथिनांचं जाळं विणलं जातं, मग त्या जाळ्यात स्फटिक बसतात. बाहेरची काळपट साल जवळपास निव्वळ प्रथिनांची. तिच्या आत उभ्या स्फटिकांचा थर. आणि सगळ्यात आत तो चमकणारा थर, ज्याला नॅकर म्हणतात. मोतीही याच थराचा असतो.

नॅकरमध्ये सुमारे ९५ टक्के खनिज आणि बाकी थोडं प्रथिन वगैरे. एकेक चकती साधारण अर्धा मायक्रॉन जाड. म्हणजे एका मिलिमीटरच्या जाडीत जवळपास २००० थर. विटा आणि मधे गारा, अशी रचना. चकतीची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास असल्यामुळे ती चमक येते. आणि मधल्या त्या थोड्याशा प्रथिनामुळे तडा सरळ आरपार जात नाही, वाट बदलत बदलत थकतो. म्हणून निव्वळ खनिजापेक्षा नॅकर मोडायला कितीतरी पट जास्त ताकद लागते. जगभरचे इंजिनिअर आज या रचनेची नक्कल करायला बसलेत.

आणखी एक गोष्ट डोक्यात बसली. पाणी आटलं किंवा खराब झालं की शिंपला तोंड गच्च मिटून घेतो. मिटलं की ऑक्सिजन संपतो, शरीरात आम्ल साठायला लागतं. ते मारायला तो काय करतो? स्वतःच्याच कवचाचा आतला चुना थोडा थोडा विरघळवतो. घराची भिंत खाऊन जीव वाचवतो. मॅडम म्हणाल्या, "पण हे काही काळच चालतं."

तर मावसभावासाठी मी याच मॅडमना फोन लावला. त्यांनी अर्धा तास दिला. आधी आजीची आणि शाळेची दोन्ही उत्तरं खोडली. थेंबानं काही होत नाही, आणि नुसत्या वाळूच्या कणानंही सहसा होत नाही. मोती व्हायला मँटलच्या पेशी आत सरकाव्या लागतात. त्या पेशी एक पिशवी तयार करतात आणि ती पिशवी आतल्या वस्तूवर थर चढवत बसते. मोतीशेतीत माणूस तेच मुद्दाम करतो. शिंपला हलकेच उघडून आत मणी आणि कुठं कुठं दुसऱ्या शिंपल्याच्या मँटलचा तुकडा बसवतो. म्हणजे ती शस्त्रक्रिया आहे. हात बसलेला नसला की शिंपले मरतात. आणि जगले तरी प्रत्येकात चांगला मोती होईलच असं नाही.

मॅडम हेही म्हणाल्या की मोतीशेती खोटी नाही. जपानच्या मिकिमोतोनं १८९३ साली अर्धगोल मोती वाढवून दाखवला. आपल्याकडे तुतिकोरीनला केंद्र सरकारच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या लोकांनी १९७३ साली समुद्री शिंपल्यात मोती घडवला. गोड्या पाण्यातल्या मोत्यांचं तंत्र भुवनेश्वरच्या सीफा या सरकारी संस्थेत बसवलं गेलं, ज्या लॅमेलिडेन्स जातीच्या शिंपल्यांवर, तशा जातीचे शिंपले आपल्या नद्या-तलावांतही असतात. तिथं प्रशिक्षणही होतं. शिस्तीनं करणारे काही शेतकरी कमावतातही. पण जगातले गोड्या पाण्यातले बहुतेक मोती चीनमधून येतात, तेही स्वस्त. त्यामुळे व्हिडिओतला भाव आणि बाजारातला भाव यात मोठं अंतर असतं.

मग त्यांनी मावसभावाला पाच प्रश्न दिले. ते जसेच्या तसे इथं देतो, कारण असे व्हिडिओ तुमच्याकडेही येत असतील.

एक. शिंपले कोणत्या जातीचे आणि कुठून आणणार? नदीतून ओरबाडून आणणार असाल तर पुढच्या वर्षी कुठून आणाल?

दोन. ऑपरेशननंतर किती मरतात, याचा लेखी हिशेब आहे का?

तीन. माझ्या तळ्याचं पाणी तपासलं का? त्यात कॅल्शियम किती, शेवाळ किती? शिंपला खातो ते पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ. प्लास्टिकच्या तळ्यातल्या नितळ पाण्यात तो उपाशी मरेल.

चार. तयार होणार तो गोल मोती की गणपती-बुद्धाच्या आकाराचा, कवचाला चिकटलेला मोती? दोघांच्या भावात फार फरक आहे.

पाच. "माल वापस घेऊ" हे कागदावर आहे का, आणि आतापर्यंत कोणाकडून घेतला, त्या शेतकऱ्याला भेटता येईल का?

मावसभावानं त्या नंबरवर फोन लावला आणि स्पीकरवर ठेवून पहिला प्रश्न विचारला. समोरचा म्हणाला, "ते सगळं ट्रेनिंगमध्ये सांगू." दुसरा विचारल्यावर म्हणाला, "तुम्हाला करायचं आहे की नाही?" तिसऱ्याला फोन कट. मावसभावानं माझ्याकडे पाहिलं. "राह्यलं जाऊ दे भाऊ," म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. पैसे वाचले. एका लेक्चररच्या अर्ध्या तासानं वाचले.

आता मुद्द्यावर येतो. त्या मॅडम यंदा कॉलेजात नाहीत.

त्या तासिका तत्त्वावर होत्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचे पैसे. सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या कामाच्या दिवसांचे नाहीत, उन्हाळ्याचे तर नाहीतच. दरवर्षी नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत. मानधन कधी हातात पडेल याचा नेम नाही. नेट-सेट, पीएचडी झालेली माणसं वयाच्या चाळिशीपर्यंत असं काढतात. मॅडमनी बरीच वर्षं काढली. यंदा घरच्यांनी आणि हिशेबानं सांगितलं, बास. त्या मोठ्या शहरात नीटच्या क्लासमध्ये शिकवायला गेल्या. तिथं पगार महिन्याला होतो. त्यांना दोष द्यायची माझी हिंमत नाही.

जाताना त्यांच्या घरी गेलो तेव्हा एका पिठाच्या डब्यात शिंपले होते. प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख आणि नदीवरची जागा लिहिलेली. सुट्टीच्या दिवशी स्कूटरनं जाऊन, स्वतःच्या पेट्रोलनं गोळा केलेले, रिकामेच. कवचावर वाढीच्या रेषा असतात, कुठल्या काळात वाढ चांगली झाली, कुठं अडली, ते त्यावरून शोधायचा त्यांचा विचार होता. कोणी सांगितलं नव्हतं. कुठल्या योजनेत बसत नव्हतं. "डबा कोणाला देऊ सांगा," त्या म्हणाल्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो डबा सध्या माझ्या कपाटात आहे.

कोणी म्हणेल, छोट्या गावात कुठलं संशोधन? त्यासाठी एक खरी गोष्ट सांगतो.

मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात सुरू झालं. समुद्रापासून लांब, दुष्काळी मुलूख. त्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रा. आर. नागभूषणम यांनी शरीरक्रियाशास्त्राचं, म्हणजे फिजिऑलॉजीचं काम उभं केलं. खेकडे, कोळंबी आणि शिंपले हे त्यांचे प्राणी. त्यांच्यासोबत यू. एच. माने होते. या दोघांनी समुद्र नसलेल्या विद्यापीठातून कोकण गाठलं आणि रत्नागिरीच्या काळबादेवी खाडीतल्या कॅटेलिसिया जातीच्या शिंपल्यांचा अभ्यास केला. तो शिंपला कधी प्रजनन करतो, तासाला किती पाणी गाळतो, भोवतालचं पाणी बदललं की त्याचं काय होतं, असे प्रश्न. १९७५ च्या सुमारास हे काम देशातल्या आणि परदेशातल्या विज्ञानपत्रिकांत छापून आलं. कवच कसं घडतं हा त्यांचा थेट विषय नव्हता. पण कवच घडवणारा प्राणी जगतो कसा, हे कळल्याशिवाय पुढचं काही कळत नाही, आणि ते यांनी केलं.

याच नागभूषणम सरांनी एम. एस. कोडरकर आणि आर. सरोजिनी यांच्यासोबत ॲनिमल फिजिऑलॉजीचं पाठ्यपुस्तक लिहिलं. आपल्याकडच्या बी.एस्सी., एम.एस्सी.च्या कित्येक पोरांनी त्यातून अभ्यास केलाय. म्हणजे बघा, शिकवणं आणि संशोधन एकाच विभागात, एकाच माणसांच्या हातून झालं. त्यांच्याकडे समुद्र नव्हता. कायम जागेवरचे शिक्षक होते, विद्यार्थी होते आणि पाच वर्षांनी आपण इथंच असू याची खात्री होती. शिंपल्याच्या प्रजननाचं चक्र समजायला महिन्यामागून महिने त्याच खाडीवर जावं लागतं. अकरा महिन्यांच्या ऑर्डरीवर ते होत नाही.

आपल्या नागपूर भागालाही हे नवं नाही. मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे, त्यांनी नागपूरजवळच्या टाकळीच्या खडकांतून गोड्या पाण्यातल्या शंखांचे जीवाश्म गोळा केले आणि १८६० साली त्यांचं वर्णन छापलं. आपल्या काळ्या दगडाच्या, म्हणजे लाव्हाच्या दोन थरांमधे अडकलेले ते शंख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. इथं तेव्हा तळी होती हे आपल्याला त्या शंखांनीच सांगितलं. गोगलगायीनं चुन्याची भिंत बांधली म्हणून तो पुरावा उरला.

आणि काटोलकरांना दगडाचं महत्त्व सांगायला नको. २२ मे २०१२ ची दुपार आठवा. आकाशातून दगड पडले. शास्त्रज्ञ आले, कॅमेरे आले, मी स्वतः घाम पुसत बातम्या पाठवल्या. त्या काटोल उल्केत ब्रिजमनाइट नावाचं खनिज सापडलं, जे पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल असतं. २०२१ साली ते संशोधन छापून आलं आणि आपल्या गावाचं नाव जगात गेलं. अभिमान आहे. पण ते दगड आपल्याकडे अपघातानं आले. जाम नदीत रोज दगड घडवणारं जनावर आहे, त्याच्याकडे पाहायला आपण एक शिक्षक टिकवू शकलो नाही.

आणि ते जनावर अडचणीत आहे. नदीतल्या या शिंपल्यांची पिल्लं सुरुवातीला माशाच्या कल्ल्यांना, परांना चिकटून वाढतात. मासा नसेल तर पुढची पिढी नाही. वाळू उपसली की राहायची जागा नाही. सांडपाणी वाढलं की तोंड मिटून बसायचं आणि स्वतःची भिंत खायची. शिंपला दिवसभर पाणी गाळत असतो, फुकटात. तो गेला तर कळणार कोणाला? मोजणारा कोणी आहे का?

मला आपल्या कॉलेजांकडे पाहून तोच मिटलेला शिंपला आठवतो. जागा भरायच्या नाहीत, आहे त्या माणसांच्या उमेदीवर दिवस काढायचे. हे काही काळच चालतं.

आता राजकारण. सरकार कोणाचंही असो, अनुदानित कॉलेजांतल्या रिकाम्या जागांचा प्रश्न जुना आहे. मंजुरी, रोस्टर, वित्त विभाग, न्यायालय, कारणं बदलत राहतात. निवडणुकीत आपण रस्ता मागतो, पाणी मागतो, संत्र्याला भाव मागतो. मागायलाच पाहिजे. पण प्राणिशास्त्राच्या विभागात कायम शिक्षक किती, हे आपल्यापैकी कोणी सभेत उठून विचारलंय? मीही नाही विचारलं. ही माझी चूक मी इथं लिहून ठेवतो.

म्हणून तीन मागण्या.

पहिली, लोकप्रतिनिधींना. आपल्या तालुक्यातल्या कॉलेजांत विज्ञानाच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, तासिकेवर किती, हे जाहीर करा. मी माहिती अधिकारात अर्ज करणारच आहे. आकडे आले की इथंच टाकीन.

दुसरी, कॉलेजांना. चिरफाड बंद झाली, चांगलंच झालं. पण त्यासोबत प्रॅक्टिकल बंद व्हायला नको होतं. जिवंत प्राण्याला हात न लावता, वर्षातून चार वेळा पोरांना जाम नदीवर न्या. रिकामे शिंपले मोजा, मापं घ्या, तारीख लिहा. खर्च एका बॅनरपेक्षा कमी. दहा वर्षं केलं तर नदीचा असा हिशेब तयार होईल जो आज आपल्या हातात नाही.

तिसरी, शेतकरी भावांना. मोती असो, मशरूम असो, उद्या आणखी काही येईल. पैसे भरायच्या आधी वरचे पाच प्रश्न विचारा. नागपुरात सरकारी मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, मत्स्यव्यवसाय विभागाचं ऑफिस आहे. तिथं जा. आणि गावातल्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा कोणी शिक्षक उरला असेल तर त्यालाही विचारा. त्याला बरं वाटेल. त्याला सहसा कोणी काही विचारत नाही.

शिंपल्यांचा डबा माझ्याकडे आहे. ज्या कॉलेजला, ज्या शिक्षकाला हे काम पुढं न्यायचं आहे त्यांनी कळवावं. मॅडमची हरकत नाही, विचारून घेतलंय. अट एकच, पेन्सिलीनं लिहिलेल्या तारखा पुसायच्या नाहीत.

पटलं असेल तर शेअर करा. नसेल पटलं तर खाली भांडा, पण वाचून भांडा.